ऑटोमॅटिक घड्याळ पुन्हा पुन्हा पुढे पळतंय? आतली वेगाची काडी हलवण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. नवं ऑटोमॅटिक घड्याळ (बॅटरीशिवायचं, हाताच्या हालचालीने स्वतःच किल्ली भरणारं), सत्तरच्या दशकातल्या ढंगाचं, घड्याळाच्या डबीला सलग जोडलेली स्टीलची चेन, निळी नाहीतर हिरवी तबकडी. पहिले काही महिने दिवसाला दहा-पंधरा सेकंदांचा फरक, त्याबद्दल कुणाची कुरकुर नाही. मग एके दिवशी घड्याळ चार मिनिटं पुढे. वेळ लावली, दुसऱ्या दिवशी परत पुढे. पेठेत नेलं, घड्याळजींनी मागचं झाकण उघडून काहीतरी केलं, थोडे दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. कधी कधी तर उलटंच, आता मागे पडायला लागलं. तिसऱ्या खेपेला माणूस वैतागतो आणि म्हणतो, "मशीनच फॉल्टी निघालं."

असं घड्याळ घेऊन कुणी आलं की मी आधी झाकणाला हात लावू देत नाही. अचानक मिनिटांनी पुढे पळणाऱ्या चांगल्या चालत्या घड्याळात पहिला संशय लोहचुंबकावर घ्यायचा. आणि दुखणं परत परत येत असेल तर ज्या वस्तूतून चुंबकत्व शिरतंय ती तुमच्या रोजच्या वाटेवर अजून तशीच बसलेली आहे, असं धरून चालायचं. घड्याळ दुरुस्त करून काही होत नाही, ती वस्तू सापडावी लागते.

किती फरक चालतो?

हे आधी ठरवू, कारण निम्म्या तक्रारी इथेच संपतात. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यात दहा सेकंदांचा फरक म्हणजे एका टक्क्याचा जेमतेम शंभरावा भाग. स्वस्तातल्या यांत्रिक घड्याळांच्या कंपन्या स्वतःच बरीच ढील देतात. सिटिझनच्या त्सुयोसामध्ये ८२१० हे मशीन असतं, त्याची जाहीर मर्यादा दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे. सेइको ५ स्पोर्ट्समधल्या ४आर३६ ची पस्तीस मागे ते पंचेचाळीस पुढे. स्वित्झर्लंडची क्रोनोमीटरची परीक्षा पास झालेल्या महागड्या मशीनची सरासरी चार मागे ते सहा पुढे असावी लागते. ती अपेक्षा घेऊन पंचवीस-तीस हजारांच्या घड्याळाकडे बघितलं तर रोज रात्री झोप लागणार नाही.

दिवसाला वीस-पंचवीस सेकंद, रोज जवळपास तेवढेच, एकाच दिशेने. हा बिघाड नाही, ही त्या मशीनची चाल आहे. खटकत असेल तर जुळवून घेता येते, त्याबद्दल पुढे.

कालपर्यंत पंधरा सेकंद आणि आज पाच मिनिटं, हा मात्र बिघाड. खालचं सगळं त्याच्यासाठी.

आत काय होतं

बॅलन्स व्हीलला एक केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग असते, हेअरस्प्रिंग. चाक एकदा इकडे, एकदा तिकडे झुलतं, आणि प्रत्येक झुल्याला किती वेळ लागणार ते ही स्प्रिंग ठरवते. १६७५ साली ख्रिस्तियान हॉयखेन्स यांनी खिशातल्या घड्याळात ती आणली तेव्हापासून घड्याळाचा नेमकेपणा हिच्यावर उभा आहे. आपण बोलतोय त्या मशीनमध्ये तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा.

नेहमीच्या हेअरस्प्रिंगमध्ये लोखंड आणि निकेलचा अंश असतो. तापमान बदललं तरी स्प्रिंगचा ताण बदलू नये म्हणून हे मिश्रधातू निघाले. त्यामागच्या संशोधनासाठी शार्ल एदुआर गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण लोखंड-निकेल म्हटलं की चुंबक आलाच. स्प्रिंगचे वेढे चुंबकित झाले की एकमेकांना ओढतात, काही ठिकाणी चिकटतात. चिकटलेला भाग काम करत नाही, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते, चाक भराभर झुलतं आणि काटे पळतात. म्हणून चुंबक शिरलेलं घड्याळ बहुतेक वेळा पुढेच जातं. फारच जोराचा चुंबक लागला तर मात्र ते मागेही पडतं किंवा थांबतं.

आता एक गंमत बघा. या घड्याळांचा चेहरा १९७० च्या दशकातला आहे. सलग चेनच्या स्पोर्टी स्टील घड्याळाची लाट १९७२ च्या रॉयल ओकने आणली, १९७६ ला नॉटिलस आलं, टिसॉचं पहिलं पीआरएक्स १९७८ चं, आणि तेही क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं. तेव्हा घरात चुंबक म्हणजे रेडिओच्या स्पीकरमागे होता तेवढाच. वडिलांच्या एचएमटी जनताला आयुष्यभर ही व्याधी झाली नाही, याचं श्रेय फक्त एचएमटीचं नाही. निओडिमियमचे चुंबक १९८० च्या दशकात निघाले आणि आता ते नखाएवढ्या आकारात फोनच्या कव्हरपासून इअरफोनच्या डबीपर्यंत सगळीकडे शिरलेत. दिसायला घड्याळ जुन्या काळातलं, पण त्याला राहायचंय आजच्या घरात.

घड्याळावर ‘अँटीमॅग्नेटिक’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. आयएसओ ७६४ या मानकात घड्याळाने ४,८०० अँपिअर प्रति मीटरचं क्षेत्र सोसायचं असतं, म्हणजे साधारण ६० गॉस (चुंबकाचा जोर मोजायचं एकक), आणि त्यानंतर चालीत दिवसाला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. निओडिमियमच्या तुकड्याच्या पृष्ठभागावर हजारांत गॉस असतात. मिरजेच्या दवाखान्यांतलं दीड टेस्लाचं एमआरआय मशीन म्हणजे १५,००० गॉस. तिथे काम करणाऱ्यांना हे सांगायला नको, पण पेशंटबरोबर आत जाणाऱ्या नातेवाइकांना दाराबाहेरच घड्याळ काढायला सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे. पहिलं कारण अर्थातच तुमचा जीव.

दिलासा एवढाच की अंतर वाढलं की जोर झपाट्याने उतरतो. छोट्या चुंबकापासूनचं अंतर दुप्पट केलं की प्रभाव जवळजवळ आठव्या हिश्शावर येतो. म्हणून कंपन्यांच्या पुस्तिकेत "पाच सेंटिमीटर लांब ठेवा" असं लिहिलेलं असतं. पाच सेंटिमीटर म्हणजे तीन बोटं. जास्त काही मागत नाहीत.

सगळी घड्याळं सारखी नाजूक नाहीत, हेही लक्षात घ्या. पीआरएक्सच्या पॉवरमॅटिक ८० मशीनमध्ये निव्हाक्रॉन नावाच्या टायटॅनियमवर आधारलेल्या धातूची स्प्रिंग असते, काही महाग घड्याळांत सिलिकॉनची. त्यांच्यावर चुंबकाचा असर फार कमी. अशा घड्याळाचा मालक "पाच मिनिटं पुढे" म्हणाला तर मी चुंबकाची तपासणी करीन, पण मनात संशय आपटण्याचा धरून.

होकायंत्राची परीक्षा

स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रयोगाचं छोटं होकायंत्र मिळतं, ते या कामाला फोनपेक्षा चांगलं. लाकडी टेबल घ्या; स्टीलचं कपाट, फ्रिज, गॅसची टाकी यांपासून दूर. होकायंत्र स्थिर होऊ द्या. मग चालू घड्याळ पालथं करून त्याच्या पाठीवर होकायंत्र हळूहळू सरकवा. बॅलन्स व्हीलच्या वर आल्यावर सुई थरथरायला लागली, ठोक्यासरशी बारीक नाचायला लागली, तर हेअरस्प्रिंग चुंबकित आहे. पाठीला काच असेल तर बॅलन्स कुठे आहे ते दिसतंच.

सुई नुसती एका बाजूला थोडी झुकली तर लगेच निकाल देऊ नका. आतल्या स्टीलच्या भागांनी तेवढं होतं. शंका असेल तर व्यवस्थित चालणारं दुसरं यांत्रिक घड्याळ तसंच ठेवून तुलना करा. तुलनेला क्वार्ट्झ घड्याळ मात्र घेऊ नका. बॅटरीच्या घड्याळात काटे फिरवणाऱ्या मोटरमध्ये चुंबक असतोच, सुई हलणारच, आणि तुम्ही उगाच निश्चिंत व्हाल की "सगळ्याच घड्याळांना हलते की!"

फोनवरच्या होकायंत्रानेही काम भागतं. फोनचं कव्हर आधी काढा (कव्हरमध्येच चुंबक असला तर परीक्षा कसली?), फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून सेन्सर जाग्यावर आणा, टेबलावर ठेवा आणि घड्याळ फोनच्या वरच्या बाजूने जवळ न्या. दिशा दहा-वीस अंशांनी सटकली तर बहुधा चुंबक आहे.

ज्यांच्याकडे टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून चाल मोजणारं यंत्र, आहे त्यांना पडद्यावरच कळेल. दिवसाला काहीशे सेकंद पुढे, आणि सरळ रेघेऐवजी विखुरलेले ठिपके. फक्त लिफ्ट अँगल नीट भरा, म्हणजे झुला मोजायला यंत्राला द्यावा लागणारा त्या मशीनचा कोन. यंत्र स्वतःहून ५२ अंश धरतं. ८२१० ला ४९ लागतात, ४आर३६ ला ५३. चुकीचा कोन भरला तर अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती अंश झुलतो तो आकडा, चुकीचं दिसतं, सेकंदांचा आकडा मात्र बरोबरच येतो.

चुंबकत्व काढणं

निळ्या प्लॅस्टिकच्या डबीसारखा डीमॅग्नेटायझर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून घरचा २३० व्होल्टचा ५० हर्ट्झ प्रवाह जातो. क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण उलटसुलट होतं, आणि घड्याळ त्यातून हळूहळू लांब नेलं की प्रत्येक उलटीला उरलेलं चुंबकत्व कमी कमी होत शून्याजवळ येतं.

सगळी मेख या ‘हळूहळू लांब’मध्ये आहे. घड्याळ डबीवर ठेवा, बटण दाबा, बटण दाबूनच ठेवा, घड्याळ सरळ वर उचलत हात पूर्ण ताणेपर्यंत न्या, पाच-सात सेकंद घेऊन. मग बटण सोडा. घड्याळ डबीवरच असताना बटण सोडलं तर ज्या क्षणी प्रवाह तुटला त्या क्षणाचं चुंबकत्व घड्याळात गोठून राहतं, कधी पहिल्यापेक्षा जास्त. "डीमॅग्नेटायझर वापरून आणखी बिघडलं" म्हणणाऱ्या बहुतेकांनी हेच केलेलं असतं. एकदा घड्याळ आडवं ठेवून करा, एकदा उभं धरून. चेनचं बक्कलही त्यातून फिरवा, कारण स्टीलची बारीक पिन चुंबकित राहिली तर ती रोज मनगटावरच आहे. वेटोळं तापतं, सलग मिनिटभर दाबून बसू नका. फोन, एटीएम कार्ड, क्वार्ट्झ घड्याळ बाजूला. घरात कुणाला पेसमेकर असेल तर हा उद्योग दुकानातच होऊ द्या. पेठेतल्या बहुतेक जुन्या घड्याळजींकडे हे यंत्र असतं आणि काम दोन मिनिटांचं आहे.

झालं की परत होकायंत्र लावून बघा. मग पूर्ण किल्ली देऊन दिवसभर चाल तपासा. मूळच्या दहा-पंधरा सेकंदांवर आलं असेल तर निदान बरोबर होतं.

आणि तरी परत येतं

खरी अडचण इथून पुढे आहे. इथपर्यंतचं सगळं कुणीही करून देईल. काही आठवड्यांनी घड्याळ पुन्हा पळायला लागतं आणि लोक म्हणतात चुंबकाची थिअरी खोटी.

वस्तू शोधायची रीत सोपी आहे, कंटाळवाणी आहे. चुंबकत्व काढल्यावर रोज दोनदा, सकाळी घड्याळ घालताना आणि रात्री काढताना, फोनच्या वेळेशी ताडून फरक वहीत लिहा. दोनदाच का, तर एकदा शिरलेलं चुंबकत्व आपोआप जात नाही. नंतरचे सगळे आकडे खराबच येणार, त्यांतून काही कळत नाही. पहिली उडी घड्याळाने कधी घेतली, दिवसा की रात्री, एवढंच शोधायचं असतं.

माझा मावसभाऊ इथे सांगलीत कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. त्याचं घड्याळ असंच वारंवार पळायचं. आम्हा सगळ्यांचं मत पक्कं की हे कारखान्यातलं. तिथे चुंबकांना काय तोटा? डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड, सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक, स्क्रू गोळा करायची मॅग्नेटिक थाळी. त्याने कामावर घड्याळ घालणंच सोडलं, डब्याच्या पिशवीत ठेवायला लागला. तरी पुन्हा तेच! वही धरली तेव्हा दिसलं की कामावरून येईपर्यंत आकडा छान, आणि उडी रात्रीत. विश्रामबागेतल्या त्याच्या खोलीत पलंगाशेजारी टेबल नाही, फळी आहे. फळीवर ब्लूटूथ स्पीकर, आणि स्पीकरच्या सपाट डोक्यावर रोज रात्री चष्मा आणि घड्याळ. स्पीकरचा शंकू वरच्या बाजूलाच तोंड करून होता. घड्याळ फळीच्या दुसऱ्या टोकाला गेलं, प्रश्न मिटला. कामावर ते आता तो परत घालतो, फक्त ग्राइंडरवर बसताना काढतो.

वही धरायचा कंटाळा असेल तर फोनमध्ये मॅग्नेटोमीटरचं ॲप टाका आणि घरभर फिरा. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र चाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास दिसेल. त्यापेक्षा आकडा जिथे चढतो तिथे थांबा. साठ गॉस म्हणजे सहा हजार मायक्रोटेस्ला, तिथपर्यंत बऱ्याच फोनचा सेन्सर पोचतच नाही. म्हणून माझा नियम असा की आकडा हजाराकडे सरकला की त्या जागी घड्याळ ठेवायचं नाही. फिरताना फोन थेट चुंबकाला चिकटवू नका, नाहीतर त्याचंच होकायंत्र बिथरतं.

संशयितांची ओळखपरेड करायची तर पहिला नंबर टॅबलेट आणि फोनच्या झाकणाच्या कव्हरचा. त्यानंतर फोनच्या पाठीवर चिकटणारे चार्जर, गाडीच्या डॅशबोर्डवरचे चुंबकी होल्डर, इअरफोनची डबी, लॅपटॉपचं झाकण जिथे बंद होतं ती कड. लॅपटॉपवर मनगट टेकवून काम करणाऱ्यांनी ती जागा ॲप लावून एकदा बघाच. पर्सचं चुंबकी बटण जोरात असतं, आणि घड्याळ काढून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकायची सवय अनेकींना असते. बँकेत, शोरूममध्ये शर्टाला चुंबकाने लावायचा नावाचा बिल्ला: तो लावायला आणि काढायला घड्याळाचाच हात जातो. फ्रिजवरचे स्टिकर आणि दाराचं रबर यांना मी फार महत्त्व देत नाही, त्यांचा जोर कमी. इंडक्शन शेगडीवर भांडं ढवळताना मनगट वर असतं, अंतर राहतं. चालू शेगडीवर घड्याळ ठेवण्याइतकं कुणी भोळं नसावं.

आपल्याकडचा एक खास संशयित म्हणजे हळदीची गिरणी. पूड करायच्या आधी मालातले खिळे, तारा पकडायला तोंडाशी चुंबक बसवलेले असतात आणि ते साफ करायला हातच घालावा लागतो. मार्केट यार्डाच्या आसपास ज्यांचा हा धंदा आहे त्यांनी हे घड्याळ रविवारसाठी ठेवावं. तसंही हळद चेनच्या सांध्यांत बसली की निघता निघत नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला टेकून उभं राहणाऱ्यांना सांगणार काय? घड्याळाच्या आधी कान जातील.

काडी हा विषय

आता पेठेत काय होतं ते सांगतो, कारण दुखणं गुंतागुंतीचं होतं ते तिथे. बॅलन्सच्या वरच्या पट्टीवर एक बारीक काडी असते, अधिक-उणे खुणांमध्ये हलणारी. ती हलवली की हेअरस्प्रिंगची काम करणारी लांबी कमी-जास्त होते. घड्याळ पुढे जातंय म्हणून आलं, घड्याळजींनी काडी उण्याकडे सारली, घड्याळ वेळेवर आलं, गिऱ्हाईक खूश.

पण चुंबक आतच आहे. काडी मूळच्या जागेवरून हललेली, स्प्रिंग चिकटलेली, दोन चुका एकमेकींना तोलून धरतात. पुढे कधीतरी झटका बसतो, वेढे सुटतात, किंवा दुसरा कुणी चुंबकत्व काढतो. लगेच घड्याळ दिवसाला मिनिटांनी मागे. मग काडी अधिककडे. मग पुन्हा चुंबक. असं दोन-तीन दुकानं फिरलेलं घड्याळ हातात आलं तर मूळ दोष कोणता आणि उपचारातून निघालेला कोणता, हे सांगणं अवघड होतं.

म्हणून क्रम असा: आधी होकायंत्र, मग चुंबकत्व काढणं, मग काही दिवस वही, आणि शेवटी गरज उरली तरच काडी. दुकानात गेल्यावर स्पष्ट म्हणा, "काका, आधी डीमॅग्नेट करून बघा, काडी लगेच हलवू नका." वर्षानुवर्षं हे काम केलेल्या माणसाला त्याचा राग येत नाही, आलाच तर दुसरं दुकान बघा. पॉवरमॅटिक ८० मध्ये तर ही काडीच नसते, चाल कारखान्यातच बॅलन्सवर ठरवलेली असते. ते मशीन उघडून "ॲडजस्ट करतो" म्हणणाऱ्याला नक्की काय ॲडजस्ट करणार हे विचारा. आणि वॉरंटी चालू असेल तर झाकण बाहेर कुठेच उघडू नका. घड्याळ पुण्याला पाठवून महिना गेला तरी चालेल.

सुई हलली नाही तर

घड्याळ सकाळी बंद सापडतं किंवा आठवड्याच्या सुरुवातीला मागे पडतं, तर किल्ली कमी पडतेय. ऑटोमॅटिक म्हणजे कायम चालणारं नव्हे. ८२१० आणि ४आर३६ पूर्ण भरल्यावर चाळीस-एकेचाळीस तास चालतात. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलं तर रविवारी दुपारच्या आत थांबणार. पॉवरमॅटिक ८० चे ऐंशी तास मंगळवारच्या पहाटेपर्यंत पुरतात, म्हणून त्याच्या मालकांना हा प्रश्न क्वचित पडतो. त्यातून ८२१० चा रोटर (हाताबरोबर फिरून किल्ली भरणारं आतलं वजन) एकाच दिशेला फिरताना किल्ली भरतो, दुसऱ्या दिशेला मोकळा भिरभिरतो. त्याचा घरघर आवाज येतो आणि लोक घाबरतात. तो बिघाड नाही. पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची किल्ली त्यामुळे अर्धवटच राहते, आणि अर्धवट किल्लीवर बॅलन्सचा झुला लहान होतो, चाल बदलते. सकाळी क्राउन, म्हणजे बाजूची किल्ली द्यायची गुंडी, तीस-चाळीस वेळा फिरवा. ४आर३६ पूर्ण बंद असेल तर कंपनीच किमान पंचावन्न फेरे सांगते. घड्याळ हातात धरून खुळखुळ्यासारखं हलवायची गरज नाही.

रात्रीत पाच-सहा सेकंद पुढे आणि दिवसा मागे असा झोका असेल तर तो स्थितीचा फरक. तबकडी वर, क्राउन खाली, क्राउन वर, प्रत्येक स्थितीत चाल थोडी वेगळी असते. त्याचा उलटा फायदा घेता येतो: रात्री घड्याळ वेगवेगळ्या कुशीवर ठेवून बघा, ज्या स्थितीत दिवसाचा फरक भरून निघतो तीच कायम करा. ज्यांचं घड्याळ दिवसाला आठ-दहा सेकंदच इकडेतिकडे आहे त्यांना काडीपेक्षा हा उपाय बरा.

आपटल्यावर लगेच सुरू झालेला मोठा फरक असेल तर स्प्रिंगचा वेढा अडकलेला किंवा वाकलेला असू शकतो. शॉकप्रूफची व्यवस्था बॅलन्सच्या अक्षाला वाचवते, सगळ्याला नाही. इथे घरचा उपाय नाही, उघडावंच लागतं. क्रिकेट खेळताना घड्याळ काढा. मोटारसायकलच्या रोजच्या खड्ड्यांनी सहसा काही होत नाही.

तारीख दुपारी बारा वाजता बदलत असेल तर काटे बारा तासांनी चुकीचे लागलेत, एवढंच. ती दुरुस्त करताना रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारखेचा झटपट बदल वापरू नका. त्या वेळात तारखेची चाकं आपोआप गुंतलेली असतात, जोर लावला तर दाता तुटतो. काटे सहावर आणा, मग तारीख लावा.

आणि वर्षानुवर्षं सर्व्हिसिंग न झालेलं घड्याळ, ज्याचं अँप्लिट्यूड पूर्ण किल्लीवरही दोनशे अंशांच्या खाली आहे, त्याला तेल-सफाई लागणार. चुंबकाचा दोष तिथे शोधत बसू नका.

दुकानात देताना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून द्या: सकाळ-रात्रीचे आकडे, उडी कधी पडली, होकायंत्राची सुई थरथरली की नाही, आणि आधी कुणी काडी हलवली आहे का. शेवटची गोष्ट लोक लपवतात, आणि घड्याळजींना सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.